टर्नटेबलच्या मुख्य बेअरिंगला तेल कोणतं घालावं?

गोदातीर

मंडळी, घरी थोरेन्सचा टीडी १६० टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आहे. मामांनी जर्मनीहून आणलेला, मधली बरीच वर्षं माळ्यावर होता. बेल्ट नवा टाकला, सुई नवी, वाजतो झकास. पण दोन गाण्यांच्या मधल्या शांत जागेत, किंवा विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो तेव्हा, खालून घरघर येते. मोठी नाही, पण एकदा कानाला लागली की गाणं राहतं बाजूला आणि तीच ऐकत बसतो.

विचारावं तर प्रत्येकाचं वेगळं. मेन रोडच्या एका दुरुस्तीवाल्यानं शिलाई मशीनचं तेल सांगितलं. ऑफिसातला एक जण म्हणतो गिअर ऑइल. परदेशी साइटवर खास टर्नटेबलची म्हणून करंगळीएवढी बाटली मिळते, तिच्या किमतीत आमच्या घरचं महिन्याचं गोडेतेल येईल.

तर तेल कोणतं, किती, आणि आतलं जुनं काढायचं कसं? नाशिकमध्ये मिळेल असंच सांगा.

तिरकस

खोबरेल. उरलेलं डोक्याला.

सुईदोरा

तिरकस, हसू नका, लोक खरंच घालतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या शिलाई मशीनमध्ये निम्म्या मशीन खोबरेल घालून जाम केलेल्या असतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. निफाडच्या थंडीचा आकडा पेपरात पहिल्या पानावर आला की आमच्याकडे मशीनची रांग लागते. वर ते काही महिन्यांत चिकट होऊन पिवळा थर धरतं, तो खरवडावा लागतो. तीच गत गोडेतेलाची, एरंडेलाची.

गोदातीर

ताई, म्हणजे शिलाई मशीनचं तेल चालेल ना?

सुईदोरा

मशीनला चालेल. तुमच्या तबकडीचं मला माहीत नाही. आमचं तेल फार पातळ असतं, कारण मशीन मिनिटाला हजारभर टाके सहज मारते. काकांची वाट बघा.

बुशवाले काका

आलो. सातपूरला लेथवर उभं राहून निवृत्त झालो, आता घरी रेकॉर्ड ऐकतो आणि लोकांची बेअरिंगं उघडतो.

गोदातीर, आधी आत काय आहे ते समजून घ्या. बेल्ट काढा, बाहेरचं जड प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती चकती) उचला. आतलं छोटं प्लॅटर दिसेल, त्याला खाली शाफ्ट आहे. तो ज्या नळीत उभा असतो तीच तुमची मुख्य बेअरिंग. नळीत ब्रॉन्झचे बुश (शाफ्टभोवतीच्या कड्या), तळाशी थ्रस्ट पॅड (शाफ्टचं टोक टेकतं ती चकती). काही टर्नटेबलांत शाफ्टखाली सुटा छर्रा असतो, काहींत शाफ्टचं टोकच गोल केलेलं असतं. सगळं वजन त्या एका टिंबावर. तुमच्या थोरेन्सचं प्लॅटर तीन किलोच्या वर आहे, ते सगळं मोहरीएवढ्यासुद्धा नसलेल्या जागेवर फिरतं. बुश वजन घेत नाही, शाफ्टला सरळ धरतो आणि बेल्टची ओढ सोसतो.

आता वेग बघा. शाफ्ट १० मिमीचा धरला तर परीघ झाला ३१.४ मिमी. ३३⅓ फेऱ्यांना पृष्ठभाग सेकंदाला जेमतेम साडेसतरा मिमी सरकतो. लेथचा स्पिंडल इतक्या वेगात फिरतो की तेलच त्याला उचलून धरतं, धातूला धातू लागत नाही. साडेसतरा मिमीला तेलाची तशी गादी तयार होत नाही. म्हणून वेग कमी आणि वजन जास्त तिथे तेल जरा जाड लागतं. मेन रोडवाल्याचं तेल चुकीचं नाही, जागा चुकीची आहे. तेच तेल मोटरच्या बुशला अगदी योग्य, तिथे शाफ्ट बारीक, भार किरकोळ आणि फेऱ्या कितीतरी जास्त.

मी आयएसओ व्हीजी ६८ चं साधं टर्बाइन किंवा हायड्रॉलिक ऑइल घालतो. ६८ म्हणजे ४० अंशांना त्याचा दाटपणा ६८ सेंटिस्टोक. इंजिन तेलाच्या भाषेत साधारण एसएई २०. दुकानात बादलीच मिळते किंवा २१० लिटरचं बॅरल. तुम्हाला हवंय चमचाभर. अंबडला ओळखीचं वर्कशॉप गाठा, औषधाची धुतलेली बाटली घेऊन जा, पैसे कोणी घेणार नाही. घेतलंच तर चहाचे. मशीनच्या टाकीतलं वापरलेलं मात्र आणू नका, त्यात बारीक धातू असतो. सीलबंद डब्यातलं मागा.

कॉलेजरोड_कट्टा

+१. वाचनखूण साठवली.

ऑटोनगर

काका, तुमचा मान राखून असहमत. गिअर ऑइलमध्ये ईपी असतं, म्हणजे जास्त दाब सहन करणारी द्रव्यं. तुम्हीच म्हणता सगळा भार एका टिंबावर, मग ईपी हवंच की. ईपी ८० घालणारे जगभर आहेत. आणि ८० आकडा बघून दचकू नये, गिअर तेलाची मोजपट्टी वेगळी, ८० चं गिअर तेल इंजिनाच्या २० च्या आसपासच पडतं.

बुशवाले काका

आकड्याचं बरोबर. पण ईपीमध्ये गंधक आणि फॉस्फरस असतं आणि ते पितळ-ब्रॉन्झला खातं. जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ (जास्त ईपीचं गिअर ऑइल) घातल्यावर सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा काळ्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतीलच.

ऑटोनगर

पाहिल्यात. पण ते तेल तापल्यावर. टर्नटेबलची बेअरिंग कुठे तापते?

बुशवाले काका

तापत नाही, मान्य. पण तापत नाही म्हणजे ती ईपीची द्रव्यं कामालाही येत नाहीत, ती उष्णतेवरच जागी होतात. मग वास घरात कशाला आणायचा?

ऑटोनगर

वासाचा मुद्दा मान्य. बाकी नाही. मी माझ्या टर्नटेबलला जीएल-४ (कमी ईपीचं) घालतो आणि बुश अजून पिवळाधमक आहे.

तिरकस

दोघांनी मिसळ खायला भेटा आणि तर्रीत कोणतं ईपी असतं ते ठरवा.

पंचवटीकर

सगळे तेलावर तुटून पडलेत. घरघर बेअरिंगचीच कशावरून?

गोदातीर, एक चाचणी करा. तबकडी लावा, सुई शांत पट्ट्यावर ठेवा, आवाज थोडा वाढवा आणि मोटर बंद करा. जमत असेल तर बेल्टही सोडवा. प्लॅटर स्वतःच्या जोरावर अर्धा-एक मिनिट फिरत राहील. त्या वेळात घरघर गेली तर दोष मोटरचा. राहिली तर बेअरिंगचा किंवा तबकडीचाच. तबकडी दुसरी लावून पुन्हा करा, कारण कित्येक जुन्या रेकॉर्डमध्ये घरघर कापतानाच कोरली गेलेली असते, तिला कुठलंही तेल पुरणार नाही.

आणि आवाज कसला ते नीट ऐका. एकसारखा ‘हम्म्’ असेल तर ती विजेची गुणगुण, अर्थिंग किंवा वायर बघा. तिथे बेअरिंग उघडून काही होणार नाही.

बुशवाले काका

हे माझ्या आधी यायला हवं होतं. अजून एक, स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीच्या बाहेरच्या अंगाला खालून टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला. वर्कशॉपमध्ये आम्ही बेअरिंग असंच ऐकतो. मग तेच मोटरला टेकवून बघा. मोटर चालू असताना हात बेल्टपासून लांब.

सिडको_सायंकाळ

अवांतर: आमच्या मेहुण्यांनी न्यू जर्सीहून टर्नटेबल पाठवलाय. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी सगळे गायक आजारी वाटतात. बेअरिंग जड झाली असेल का?

अटलांटापार

बेअरिंग नाही हो. तिकडे वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. सिंक्रोनस मोटर हर्ट्झच्या हिशोबानं फिरते, त्यामुळे ३३⅓ चे २७.८ होतात. ५० हर्ट्झची मोठी पुली लागेल. क्वार्ट्झवाला डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय, मोटर थेट प्लॅटरला) असता तर फरक पडला नसता. मेहुण्यांना पुढच्या वेळी बदाम मागवा.

सिडको_सायंकाळ

तरीच. लताबाई आणि मन्ना डे एकाच पट्टीत आले होते.

डीजे_नाशिकरोड

टेक्निक्सवाल्यांसाठी. एसएल-१२०० एमके२ असेल तर काही खोलू नका. प्लॅटर उचला, मधल्या स्पिंडलच्या मुळाशी दोन-तीन थेंब. कंपनीच्या पुस्तिकेत २००० तास वापरल्यावर एकदा असं दिलंय. रोज दोन तास ऐकलंत तर पावणेतीन वर्षांत एकदा. लग्नाच्या सीझनमध्ये आमचं ते फार लवकर व्हायचं, ती गोष्ट वेगळी. एक सांगतो, प्लॅटरच्या खालच्या बाजूला चुंबक आहे, काढून ठेवताना लोखंडाचा कीस असलेल्या टेबलावर उपडं ठेवू नका.

जुनाबाजार

आमच्याकडे वडिलांचा एचएमव्ही फिएस्टा आहे, सूटकेसवाला. त्याला पण हीच ६८ नंबरची पद्धत?

बुशवाले काका

फिएस्टाचं प्रकरण साधं. तिथे पत्र्याचं हलकं प्लॅटर, तीन किलोचा भार वगैरे नाही. मधली छोटी क्लिप काढून प्लॅटर उचलायचं, स्पिंडल पुसायचा, एक थेंब. क्लिप उडते, वर फडकं धरा, नाहीतर रविवार पलंगाखाली जाईल. आणि आत रबराचं चाक असेल तर त्याला आणि प्लॅटरच्या आतल्या कडेला तेलाचं बोटही लागू देऊ नका. चाक घसरलं की आवाज डोलतो. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

गॅरार्डप्रेमी

काकांचं सगळं पटलं, फक्त सरसकट तेल म्हणू नका. गॅरार्ड ३०१ च्या सुरुवातीच्या बॅचना ग्रीसची बेअरिंग होती, खाली पिळायची टोपी असते तिला. नंतरच्या ३०१ ना तेलाची. ग्रीसवालीत तेल घातलं तर खालून गळून जातं, तेलवालीत ग्रीस ठासलं तर फिरायला नको म्हणते. आपली कोणती ते आधी वाकून बघा.

उलट्या बेअरिंगांचंही तसंच. त्यात छर्रा वर, नळी उपडी घातलेली. तेल वर टिकत नाही, खाली उतरतं. म्हणून काहींच्या शाफ्टवर चक्राकार चर पाडलेली असते, फिरताना ती तेल वर चढवते. चर नसेल तर टोकाला किंचित ग्रीस. आणि ज्यांची बेअरिंग कंपनीनं बंद करून दिली आहे त्यांनी हात खिशात ठेवावेत.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. पंचवटीकरांची चाचणी केली. मोटर बंद करून बेल्ट सोडवला तर घरघर बरीचशी गेली, पण अगदी बंद नाही झाली. मधूनमधून बारीक खरखर राहते. दुसरी तबकडी लावली तरी तेच. म्हणजे मोटर आणि बेअरिंग दोन्ही?

पंचवटीकर

दोन्ही. मोठा वाटा मोटरचा. तुमच्या मोटरला १६ पोल आहेत, ५० हर्ट्झला ३७५ फेऱ्या. तिच्या वरच्या बुशला सुईदोरा ताईंचं तेल, एकच थेंब, सुईच्या टोकावरून. जास्त झालं तर पुलीवर येईल आणि बेल्ट घसरेल.

अवांतर: इन्व्हर्टरवर ऐकत नाही ना? साधे स्क्वेअर वेव्हवाले इन्व्हर्टर सिंक्रोनस मोटरला गुरगुरायला लावतात.

गोदातीर

नाही, लाइट गेली की ऐकणं बंद. आता बेअरिंग कशी साफ करायची ते सांगा. शाफ्ट वर ओढून पाहिला, येतच नाही. अडकलाय का?

बुशवाले काका

अडकला नाही. चांगल्या बेअरिंगमध्ये फट इतकी कमी असते की ओढताना खाली पोकळी तयार होते आणि ती शाफ्टला धरून ठेवते. ही चांगली खूण आहे. हिसका देऊ नका. दोन्ही हातांनी सरळ धरून सावकाश वर घ्या, तेलातून हवा आत शिरायला वेळ द्या. सुटताना ‘पॉक’ होईल. तिरका ओढलात तर बुशच्या तोंडाला ओरखडा.

बाहेर आल्यावर शाफ्ट उजेडात फिरवून बघा. तेल काळं असेल तर घाबरू नका, काळं होतंच. बोटांत चोळून बघा. कणी लागली किंवा सोनेरी चमक दिसली तर बुश झिजतोय. शाफ्टवर आडवी रेघ नखाला लागली तर मला फोटो टाका. सुटा छर्रा असेल तर तो भिंगाखाली बघा. चपटा डाग दिसला तर बदला, ईएन ३१ पोलादाचा त्याच मापाचा छर्रा बेअरिंगवाल्याकडे किरकोळ पैशात मिळतो. जुना मापून घ्या, अंदाजानं आणू नका.

नळीसाठी उदबत्तीची काडी घ्या, मसाला काढून टाकलेली. तिला जुन्या मलमलच्या धोतराची पट्टी गुंडाळा. कापूस नको, कान साफ करायची काडी तर नकोच, तंतू आत राहतात. कोरड्या पट्टीनं घाण काढा, मग नव्या तेलात भिजवलेल्या पट्टीनं पुसा, पट्टी स्वच्छ येईपर्यंत.

आता महत्त्वाचं. रॉकेल, पेट्रोल, थिनर, ॲसिटोन काही आत ओतू नका. असे बुश बहुतेक सिंटर्ड ब्रॉन्झचे असतात. भुकटी दाबून भाजलेले, साधारण पाचवा हिस्सा पोकळ छिद्रांचा, आणि त्या छिद्रांत तेल भरलेलं. सॉल्व्हंट ते आतलं तेल ओढून काढतो. दिसायला बुश चकाचक, आतून कोरडा. मग तुम्ही नवीन घातलेलं तेल तो पिऊन टाकतो आणि काही दिवसांत पुन्हा खरखर.

ऑटोनगर

आणि कोणी आधीच धुतला असेल तर?

बुशवाले काका

सुटा निघत असेल तर तेलात बुडवून, ती वाटी गरम पाण्यात ठेवून, ८० अंशांच्या आसपास तासभर. बुडबुडे यायचे थांबले की आहे त्या तेलातच थंड होऊ द्यायचा. थंड होताना तो तेल आत ओढतो. नळीत ठोकून बसवलेला असेल तर काढायच्या भानगडीत पडू नका. भरपूर तेल घालून दोन दिवस तसाच ठेवा आणि पातळी पुन्हा बघा.

मोलिब्डेनम

काका, त्यात थोडं मॉलिब्डेनम डायसल्फाइड (वंगणाची काळी पूड) मिसळलं तर? माझ्याकडे ट्यूब आहे.

बुशवाले काका

तुमचं नाव बघून प्रश्न अपेक्षित होता. घन बेअरिंगला कदाचित. सिंटर्डला नको, ती पूड छिद्रं बुजवते.

तिरकस

टोपणनाव बदलायची वेळ आली.

सुईदोरा

काका, किती घालायचं ते राहिलं.

बुशवाले काका

खरंच की. माप सांगत नाही, कारण नळी नळीला फरक. ड्रॉपरनं तळाशी थोडं घाला, शाफ्ट सरळ सोडा आणि हात काढून घ्या. तो स्वतःच्या वजनानं हळूहळू बसायला हवा. थोरेन्सला कधी कधी बराच वेळ लागतो, कारण खालची हवा बुशच्या फटीतूनच बाहेर येते. दाबू नका. बसल्यावर नळीच्या तोंडाशी तेलाची पातळ कडी दिसली की बरोबर. वाहून आलं तर जास्त झालं, पुसून घ्या. काहीच दिसलं नाही तर दोन थेंब आणखी. चमचाभरातलं बरंचसं उरेल.

नंतर टर्नटेबल कुठे न्यायचा झाला तर आतलं प्लॅटर काढून वेगळं न्या. आडवा केलात तर तेल डिकीत.

कॉलेजरोड_कट्टा

माझ्या एका मित्राचा टर्नटेबल तेल घातल्यावर आधीपेक्षा लवकर थांबायला लागला. हातानं फिरवून सोडला तर पूर्वी बराच फिरायचा. बिघडला का?

गॅरार्डप्रेमी

उलट. जाड तेलाचा थोडा ओढा असतोच. कोरडी, सैल बेअरिंग जास्त वेळ फिरते आणि लोक तिला भारी समजतात. किती वेळ फिरतो यावरून बेअरिंग जोखू नका. वेग बरोबर आहे ना ते बघा. स्ट्रोब डिस्क (वेग तपासायची रेघांची चकती) असेल तर ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ ला १८० रेघांचं कडं स्थिर दिसायला हवं. दिवा जुना पिवळा बल्ब घ्या, बरेच एलईडी लुकलुकत नाहीत, त्याखाली काही कळत नाही.

ऑटोनगर

थंडीत पण वेग बघा. ४० अंशांना ६८ असलेलं तेल १२-१३ अंशांना कितीतरी पटीनं दाट होतं. डिसेंबरात सकाळी पहिली बाजू जरा मंद वाटली तर तबकडी न लावता पाच-दहा मिनिटं प्लॅटर नुसतं फिरू द्या.

गोदातीर

काम झालं. आत तेल नव्हतंच, तपकिरी चिकट लेप होता, सुईदोरा ताईंनी सांगितला तसा. मामांनीच कधी तरी काही घरगुती घातलेलं दिसतंय, त्यांना विचारलं तर हसले फक्त. शाफ्टवर रेघ नाही. मलमलच्या पट्ट्या पहिल्यांदा चहाच्या रंगाच्या येत होत्या, शेवटी स्वच्छ. अंबडहून ६८ आणलं, पैसे घेतले नाहीत, काका. शाफ्ट बसायला इतका वेळ लागला की मी जेवून आलो. मोटरला शिलाईचं तेल एक थेंब.

खरखर पूर्ण गेली. मोटरची घरघर कमी झाली पण कान लावला तर आहे.

पंचवटीकर

मोटर ज्या रबरी वॉशरांवर बसवलेली असते ते दाबून बघा. इतक्या वर्षांत दगड झाले असतील. ते कडक झाले की मोटरचं कंपन थेट चॅसिसमध्ये उतरतं, तेलाचा तिथे काही संबंध नाही.

गोदातीर

दाबले. दगडच आहेत. नाशिकमध्ये मिळतील का?

बुशवाले काका

माप टाका, आतला व्यास, बाहेरचा आणि जाडी. व्हर्नियरनं, फूटपट्टीनं नव्हे.

तिरकस

आणि मामांना विचारा, खोबरेल कोणतं होतं.